हिराबागेतला कार्यक्रम आणि आमची निमंत्रणपत्रिका

यंदा जून महिन्यात मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. गणेशोत्सवाचा खर्च, मूर्ती, मांडव हे नेहमीचे विषय झाल्यावर आणखी एक विषय निघाला, तो मदतनिधीचा. आपल्यापैकी बहुतेकांना तो समजावून सांगायची गरज नाही. खानदेशातून, नाशिककडून, कोकणातून इथे सिल्वासात येऊन कारखान्यात नोकरी करणारी शेकडो घरे आहेत. घरातले कोणी आजारी पडले आणि डॉक्टरांनी ‘मुंबईला न्या’ म्हटले की त्या घराची घडी विस्कटते. उपचार सवलतीत होतीलही, पण वापीहून गाडीने जाणे-येणे, परळच्या बाजूला राहण्याची सोय, सोबतच्या माणसाचे जेवण आणि त्या दिवसांचा बुडालेला पगार यांना सवलत नसते. अशा घरांसाठी निधी उभारायचा आणि त्यासाठी कोजागिरीच्या आधीच्या रविवारी सुधीर फडके यांच्या गाण्यांचा कार्यक्रम करायचा, असे ठरले.

निमंत्रणपत्रिका करण्याचे काम माझ्याकडे आले. माझा डिप्लोमा स्थापत्यातला. नोकरी महाराष्ट्र शासनाची, पलीकडे पालघर जिल्ह्यात, आणि घर इकडे. ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर धरून अक्षरे काढायला शिकलेली आमची बहुधा शेवटचीच तुकडी, म्हणून मंडळात कुठलाही फलक, पत्रिका, प्रमाणपत्र माझ्या वाट्याला येते. मी आठ दिवसांत पत्रिका तयार केली. सोनेरी किनार, वर गणपती, खाली ‘आग्रहाचे निमंत्रण’, मग अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार यांची नावे, उजवीकडे प्रायोजकाचे बोधचिन्ह. मला ती छान वाटली होती.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पत्रिका डोळ्यांजवळ धरली, उलटी करून पाहिली आणि विचारले, “अरे, पैसे कशासाठी मागतोय आपण, ते कुठे लिहिलंयस?” मी बोट दाखवले. अगदी खाली, बारीक अक्षरांत ‘मदतनिधीच्या साहाय्यार्थ’ असे होते. काका म्हणाले, “म्हणजे आपली नावं मोठी आणि काम छोटं.”

बैठकीत हशा झाला, पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. मदतीसाठी माणसे बोलवायची तर कागदावर काय लिहायचे, कोणत्या क्रमाने लिहायचे, हा प्रश्न आपल्या आधी कितीतरी मराठी माणसांना पडला असणार. त्यांनी तो कसा सोडवला हे पाहता पाहता मी शेवटी आपल्या दाराशीच येऊन पोहोचलो. कारण आपण ज्या जमिनीवर राहतो, तिच्या मुक्तीसाठीही एकदा असाच गाण्याचा कार्यक्रम झाला होता.

पत्राचा मायना

मराठी निमंत्रणाचा साचा छापखान्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. कोणाला कसे संबोधायचे, मोठ्याला काय लिहायचे, बरोबरीच्याला काय, याला मायना म्हणतात. यादवांच्या काळातला हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘मेस्तका’त पत्रे आणि हिशोब कसे लिहावेत याचे नियम आहेत. पत्र आणि हिशोब हे दोन्ही एकाच माणसाचे काम आणि एकाच वहीतले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

आजही आपण ‘स. न. वि. वि.’ लिहितो. ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ याचे ते लघुरूप. नमस्कार आधी, विनंती नंतर. पुढे १८३१ साली मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावर मराठी पंचांग छापले, १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि त्या छापखान्याचा देखणा टाइप घरोघरी ओळखीचा झाला. हाताने लिहायचा मायना खिळ्यांनी जुळवला जाऊ लागला. लग्नपत्रिकेतले ‘सहकुटुंब सहपरिवार’ आणि ‘आपले नम्र’ त्यातूनच चालत आले.

पण लग्नपत्रिकेत आणि मदतीच्या पत्रिकेत मोठा फरक आहे. लग्नाला या म्हणताना आपण जेवायला बोलावतो. मदतीच्या कार्यक्रमाला या म्हणताना आपण मागायला बोलावतो. मागणारा कागद लग्नपत्रिकेचा पोशाख घालून गेला तर वाचणाऱ्याला नेमके काय हवे आहे ते कळत नाही. माझ्या पहिल्या पत्रिकेत हेच झाले होते.

पैसा, मूठ आणि ओवाळणी

आपल्याकडे ज्यांनी लोकांकडून निधी उभारला, त्यांच्या योजनांच्या नावातच मागणे स्पष्ट असे. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैसा फंड काढला. मागणी किती? माणशी एक पैसा. कशासाठी? देशी उद्योगासाठी. त्या निधीतून तळेगाव दाभाड्याला काचकारखाना उभा राहिला आणि १९०८ साली तो सुरू झाला. एक पैसा देणाऱ्या माणसालाही दिव्याच्या काचेकडे पाहून ‘यात माझा पैसा आहे’ असे म्हणता येत होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहांसाठी मुष्टिफंड होता. घरच्या बाईने रोज दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढायचे. ज्या घरात रोख पैसा नव्हता, त्या घरालाही देता येईल असे हे मागणे होते. मागणाऱ्याने देणाऱ्याच्या घरात काय आहे ते आधी पाहिले होते.

तिसरे उदाहरण हिंगण्याचे. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला. त्या संस्थेचा भाऊबीज निधी प्रसिद्ध आहे. संस्थेतल्या स्त्रिया दिवाळीत घरोघर जाऊन मुलींच्या शिक्षणासाठी भाऊबीज मागत. देणगी म्हटले की हिशोबी मन जागे होते. भाऊबीज म्हटले की देणारा भाऊ होतो आणि घेणारी बहीण. ओवाळणी घालताना कोणी घासाघीस करत नाही.

या तिन्ही ठिकाणी दोन गोष्टी एकदम कळतात. किती द्यायचे आणि कोणत्या नात्याने द्यायचे. सोनेरी किनारीची गरज कुणालाच पडली नाही.

दोन नावे एका जाहिरातीत

कार्यक्रमातून निधी उभारण्याचे मराठीतले गाजलेले उदाहरण म्हणजे संयुक्त ‘मानापमान’. १९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले. त्यांच्या नावाने एक कोटी रुपयांचा टिळक स्वराज्य फंड उभारायचे काँग्रेसने ठरवले. त्या वेळी मराठी रंगभूमीवर दोन मोठी नावे होती. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले. दोघांचे चाहते वेगळे, दोघांच्या मंडळ्या वेगळ्या, आणि रसिकांत ‘मोठा कोण’ हा वाद कायमचा.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये या दोघांनी मिळून खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा प्रयोग केला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते, तरी लोक आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव ऐन तारुण्यात वारले, त्यामुळे तो प्रयोग पाहिलेली माणसे पुढे आयुष्यभर त्याबद्दल बोलत राहिली.

पत्रिकेच्या दृष्टीने पाहिले तर या प्रयोगाचे निमंत्रण फार सोपे होते. दोन नावे आणि एक फंड. टिळक या नावाला स्पष्टीकरण नको होते आणि त्या दोन नटांना विशेषणे नको होती. जिथे उद्देश सगळ्यांना ठाऊक आहे आणि बोलावणारा सगळ्यांचा आहे, तिथे कागदावर थोडेच लिहावे लागते. आता प्रश्न असा की, जिथे उद्देश लिहिताच येत नाही तिथे काय करायचे?

सरंजाम की सत्ता?

त्यासाठी आधी आपल्या प्रदेशाची थोडी उजळणी करू. आपल्यापैकी अनेकजण नोकरीनिमित्त इथे आलेले आहेत आणि मुलांना शाळेत हा भाग दोन-चार ओळींतच येतो.

१७ डिसेंबर १७७९ रोजी पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यात पेशव्यांनी मैत्रीची खूण म्हणून दमण परगण्यातल्या काही गावांचा बारा हजार रुपयांचा महसूल पोर्तुगिजांना द्यायचे कबूल केले. त्यानुसार १७८३ मध्ये नगर हवेलीतली गावे आणि १७८५ मध्ये दादरा त्यांच्याकडे गेले. पुढे मराठेशाही बुडाली, इंग्रज आले, इंग्रज गेले, पण पोर्तुगीज राहिले.

पुढे या तहाच्या कागदावरूनच जगाच्या न्यायालयात वाद झाला. १९५५ च्या डिसेंबरमध्ये पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दमणहून इथे येण्या-जाण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तिथे पुणे दरबारच्या मराठी कागदांतल्या ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ या शब्दांचा कीस पाडला गेला. सरंजाम म्हणजे महसुलाचे उत्पन्न, राज्य नव्हे. मराठ्यांनी पोर्तुगिजांना महसूल दिला होता, सार्वभौम सत्ता दिली नव्हती, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र इंग्रजी अमलात पोर्तुगिजांची सत्ता गृहीत धरली गेली, असेही सांगितले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क होता, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे नेण्याचा हक्क नव्हता, असे ठरले. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असाही निर्णय झाला.

मी रोज फायलींमध्ये राहणारा माणूस आहे. पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने लिहिलेला एक मराठी शब्द हेगमध्ये उपयोगी पडतो, हे वाचल्यावर मला आपल्या मोडक्या-तोडक्या टिपणांचीही जबाबदारी वाटू लागली.

हिराबाग, १९५४

भारत स्वतंत्र होऊन सात वर्षे होत आली तरी इथे पोर्तुगीज झेंडा होता. गोव्याच्या मुक्तीसाठी धडपडणाऱ्या निरनिराळ्या गटांनी आधी दादरा आणि नगर हवेली मोकळी करायचे ठरवले. आझाद गोमंतक दल त्यात होते, युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स होती, वारल्यांमध्ये काम करणारे कम्युनिस्ट कार्यकर्ते होते आणि पुण्या-मुंबईचे स्वयंसेवकही होते. पुण्याच्या गटात राजा वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ नरवणे, बाबासाहेब पुरंदरे ही मंडळी होती आणि त्यांच्यात एक संगीतकार होते, सुधीर फडके.

बाबूजी तेव्हा चौतीस वर्षांचे. ‘लाखाची गोष्ट’ची गाणी लोकांच्या तोंडी होती. ‘गीतरामायण’ यायला अजून एक वर्ष होते. मोहीम करायची तर पैसा हवा. शस्त्रे, प्रवास, राहणे, जेवण, सगळ्याला पैसा हवा. बाबूजींनी लता मंगेशकरांना विचारले. लतादीदी तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. ‘महल’ आणि ‘बरसात’ येऊन पाचेक वर्षे झाली होती आणि देशभर त्यांचे नाव झाले होते. त्यांनी होकार दिला. १९५४ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या हिराबाग मैदानावर त्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला. त्यांनी त्याचे मानधन घेतले नाही. जमलेला निधी दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीच्या कामी आला.

आता या कार्यक्रमाच्या निमंत्रणाचा विचार करा. ‘परक्या राजवटीची पोलीस ठाणी घेण्यासाठी शस्त्रे विकत घ्यायची आहेत, तरी रसिकांनी सढळ हाताने मदत करावी’ असे कोणत्या कागदावर छापता येईल? मोहीम गुप्त होती. सगळे उघड झाले असते तर दमणहून कुमक यायला वेळ लागला नसता, आणि आपल्या सरकारलाही ते अडचणीचे झाले असते. काकांनी मला विचारलेला प्रश्न, ‘पैसे कशासाठी?’, त्या कार्यक्रमाच्या संयोजकांना कागदावर पूर्ण उत्तर देऊन सोडवता येण्यासारखा नव्हता.

मग लोकांनी पैसे कशाच्या भरवशावर दिले? गाण्याच्या ओढीने तर दिलेच. पण मोठ्या रकमा आणि शब्द न विचारता केलेली मदत नुसत्या गाण्यावर मिळत नाही. ती माणसांवरच्या विश्वासावर मिळते. हे लोक पैसे मागतात म्हणजे काहीतरी सत्कार्य असणार, इतके ज्यांच्याबद्दल वाटते, त्यांनाच असे निमंत्रण देता येते. मानधन न घेता गाणारी गायिका आणि स्वतः जीव धोक्यात घालायला निघालेला संगीतकार, हीच त्या निमंत्रणाची खरी ओळख होती.

आणि त्या विश्वासाचा हिशोब फार लवकर मिळाला. २१ जुलैच्या रात्री युनायटेड फ्रंटच्या लोकांनी दादरा घेतले. २८ जुलैला नरोली मोकळी झाली. २ ऑगस्ट १९५४ च्या पहाटे, भर पावसात, सिल्वासाचे ठाणे ताब्यात आले आणि इथे तिरंगा चढला. उरलेल्या पोर्तुगीज पोलिसांना घेऊन कॅप्टन फिदाल्गो पुढे निघाला होता, त्यानेही ११ ऑगस्टला शरणागती पत्करली. उन्हाळ्यात हिराबागेत प्रवेशिका घेतलेल्या माणसाला पावसाळ्यात वर्तमानपत्रातून आपल्या पैशाची पावती मिळाली.

त्यानंतर सात वर्षे वरिष्ठ पंचायतीने इथला कारभार पाहिला. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला. त्या विलीनीकरणाच्या करारावर सही करायला आय.ए.एस. अधिकारी के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरते मुक्त दादरा-नगर हवेलीचे पंतप्रधान करण्यात आले होते. आता २६ जानेवारी २०२० पासून आपला प्रदेश दमण-दीवबरोबर एकत्र आहे. दर २ ऑगस्टला आपण मुक्तिदिन पाळतो आणि त्यानंतर काही दिवसांतच आपल्या गणपतीची तयारी सुरू होते.

बाबूजींची पुढची गोष्टही इथे सांगायला हवी. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ‘वीर सावरकर’ हा चित्रपट लोकवर्गणीतून काढायचे व्रत घेतले. गावोगावच्या कार्यक्रमांतून निधी जमवत त्यांनी वर्षानुवर्षे काढली. वय वाढत होते, कामाला वेळ लागत होता, लोक विचारतही होते. अखेर २००१ च्या नोव्हेंबरमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि २९ जुलै २००२ रोजी बाबूजी गेले. १९५४ मध्ये हिशोब तीन-चार महिन्यांत पुरा झाला होता, या वेळी कित्येक वर्षे लागली. पण दोन्ही वेळा तो पुरा झाला.

राहिलेला एक हिशोब

हे सगळे वाचताना मला माझी एक जुनी चूक आठवत होती. ती इथे सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाची पत्रिका मी केली होती. मंडळ दुसरे, माणसे वेगळी. एका कामगाराच्या मुलाच्या ऑपरेशनसाठी तो कार्यक्रम होता. पत्रिका देखणी झाली होती, हॉल भरला होता, पाहुण्यांना शाली दिल्या होत्या. ध्वनिक्षेपक, मांडव, नाश्ता, स्मृतिचिन्हे हा खर्च वजा जाता हाती फार थोडे उरले. ते त्या घरी पोहोचवले, पण किती जमले आणि किती खर्च झाले, हे आम्ही कुणालाच सांगितले नाही. लाज वाटली म्हणून.

दोन-तीन महिन्यांनी किलवणी नाक्यावर भाजी घेताना एका मावशींनी मला हाक मारली. त्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करत. त्यांनी त्या कार्यक्रमाला शंभर रुपये दिले होते. त्या म्हणाल्या, “भाऊ, त्या पोराचं झालं का ऑपरेशन? किती जमले होते आपले?” ‘आपले’ हा शब्द त्यांनी अगदी सहज वापरला. माझ्याकडे उत्तर नव्हते. ऑपरेशन पुढे ढकलले गेले होते आणि रक्कम मला नीट माहीतही नव्हती. मी म्हणालो, “चौकशी करून सांगतो मावशी.” मी सांगितले नाही. नंतर त्या ती खोली सोडून गेल्या. त्या मुलाचे ऑपरेशन पुढे त्याच्या वडिलांनी गावची जमीन गहाण टाकून केले, हे मला खूप उशिरा कळले.

पत्रिकेत कुणाचेही खोटे नव्हते. पण त्या पत्रिकेला मागची बाजू नव्हती. समोर निमंत्रण होते, पाठीमागे हिशोब नव्हता. मेस्तकात पत्र आणि हिशोब एकत्र होते. आम्ही पत्र ठेवले आणि हिशोब विसरलो.

नवी पत्रिका

त्यानंतर काकांना घेऊन बसलो आणि पत्रिका पुन्हा केली. हा लेख वाचणाऱ्या इतर मंडळांच्या कार्यकर्त्यांना उपयोग होईल म्हणून तिचा क्रम सांगतो.

सर्वांत वर श्रींचे नाव, ते परंपरेने आहेच. त्याखाली सर्वांत मोठ्या अक्षरांत उद्देश: ‘मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या सिल्वासा परिसरातील कुटुंबांच्या राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी’. ‘साहाय्यार्थ’ हा शब्द काढून टाकला. तो वाचून कुणाला काही दिसत नाही. ‘राहण्या-जेवण्याच्या खर्चासाठी’ म्हटले की ज्याने हॉस्पिटलच्या आवारात रात्र काढली आहे, त्याला लगेच दिसते.

त्याखाली मागणे. देणगी प्रवेशिका शंभर, दोनशे आणि पाचशे रुपयांच्या, आणि शेजारी एक ओळ: ‘शंभर रुपयांत एका सोबत्याचे एका दिवसाचे जेवण’. पैसा फंडाने जे केले तेच. देणाऱ्याला आपल्या पैशाचे रूप दिसले पाहिजे. ज्याला रोख देता येत नाही, त्याने कार्यक्रमाच्या दिवशी चहाची भांडी, खुर्च्या, गाडी द्यावी, असेही लिहिले. हा आमचा मुष्टिफंड.

मग कार्यक्रम, स्थळ, दिवस, वेळ. वेळ ‘सायंकाळी ठीक ६’ अशी लिहिली आहे आणि ती पाळायची आहे, कारण दुसऱ्या पाळीचे कामगार मधूनच उठून जाणार. मजकूर मराठीत, मुख्य ओळी गुजराती आणि हिंदीतही. आपले शेजारी, कारखान्यातले सहकारी आणि दुकानदार फक्त मराठी वाचणारे नाहीत, आणि आजारपण भाषा विचारून येत नाही. निधीतून मदत करतानाही भाषा विचारायची नाही, असा ठराव मंडळाने केला आहे.

प्रायोजकाचा प्रश्न थोडा अवघड होता. त्यांचे बोधचिन्ह वर हवे होते. आम्ही त्यांना नम्रपणे सांगितले की चिन्ह मागच्या बाजूला, हिशोबाच्या शेजारी येईल. थोडी चर्चा झाली आणि त्यांनी ते मानले. उलट हिशोबाच्या शेजारी नाव असणे अधिक बरे, असे त्यांच्याच व्यवस्थापकांनी म्हटले. पदाधिकाऱ्यांची नावे एका ओळीत, सगळ्यांची सारख्या आकारात. विशेषणे नाहीत.

मागच्या बाजूला दोन चौकटी आहेत. पहिलीत कार्यक्रमाचा अंदाजे खर्च लिहिला आहे: हॉल, ध्वनिक्षेपक, छपाई. गायक-वादक आपलेच आहेत, त्यांनी मानधन घेणार नाही असे सांगितले आहे. शाली, स्मृतिचिन्हे, पुष्पगुच्छ नाहीत. दुसरी चौकट रिकामी आहे. तिच्यावर लिहिले आहे: ‘जमा, खर्च आणि शिल्लक. ही चौकट कार्यक्रमानंतर महिन्याच्या आत भरून मंडळाच्या फलकावर लावली जाईल.’

बैठकीत एकाने विचारले, “रिकामी चौकट बरी दिसत नाही, तिथे एखादं सुंदर चित्र टाकू का?” मी नको म्हटले. ती चौकट रिकामी आहे म्हणूनच ती भरायची आठवण राहील. ती मावशींसाठी आहे. त्या आता कुठे असतील मला माहीत नाही. पण त्यांच्यासारखी कुणीतरी शंभर रुपये देईल आणि फलकासमोर उभी राहून आपले किती जमले ते वाचेल.

हिराबागेच्या संयोजकांना उद्देश लिहिता आला नाही, तरी त्यांनी हिशोब चुकवला नाही. आपल्याला उद्देश लिहायला कुणाची मनाई नाही. मग आपण तो लपवायचा कशाला, आणि हिशोब तरी का ठेवायचा नाही? जिथे तो पहिला हिशोब २ ऑगस्टला चुकता झाला, त्याच सिल्वासात बाबूजींची गाणी म्हणून आपण पैसे मागणार आहोत. ही गोष्ट मनात ठेवूनच मी ती पत्रिका प्रेसला पाठवली.

पत्रिका विसर्जनानंतर आठवडाभरात घरोघरी येईल. ती आली की आधी मागची बाजू पाहा, आणि काही राहिले असेल तर मला सांगा. कोजागिरीच्या आधीच्या रविवारी सहकुटुंब या. गणपती बाप्पा मोरया!